हॉकीची टीम विकल्याची बातमी खरेदीखतासारखी कशी वाचायची

जून २०२३ मधली गोष्ट. पाऊस अजून आला नव्हता. रात्री साडेदहाला अंगणात बाज टाकून पडलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो कॅनडात असतो. ओटावा शहराच्या पश्चिमेला कनाटा म्हणून भाग आहे, तिथं त्याचं घर. तिकडं दुपार होती.

“मामा, आमची टीम विकली. लोक म्हणायलेत की नवीन अरिना आता शहराच्या मधोमध होणार. मी तर अरिनाला पायी जाता येतं म्हणून हे घर घेतलं होतं. आता काय करू? विकून टाकू का?”

(अरिना म्हणजे सामने होतात ती मोठी बंदिस्त इमारत.) मी दस्तलेखक आहे. नांदेड जिल्ह्यात तीस वर्षं निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकून बसतोय. शेत, प्लॉट, दुकान, विहिरीतला हिस्सा, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, सगळे कागद या हातांनी लिहिलेत. टेबलाशी येणारा माणूस नेहमी किमतीपासून सुरुवात करतो आणि मी त्याला नेहमी एकच गोष्ट विचारतो. भाच्यालाही तीच विचारली, “विकलं नेमकं काय?”

तो गप्प झाला. बातमीत आकडा मथळ्यात होता. काय विकलं ते आठव्या ओळीत होतं आणि तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता.

त्या रात्रीपासून तो मला बातम्या पाठवत गेला. मी वाचत गेलो, अडलेला शब्द त्यालाच विचारत गेलो. हॉकी आम्हा मामा-भाच्यांना नवी नाही. नांदेडला गुरू गोबिंदसिंघजींच्या नावानं गोल्ड आणि सिल्व्हर कपची अखिल भारतीय स्पर्धा भरते, पार पंजाबपासूनचे संघ येतात. भाचा सात वर्षांचा असताना त्याला खांद्यावर बसवून मी ते सामने दाखवलेत. तिकडची हॉकी वेगळी, बर्फावरची. एका बाजूला सहा जण, चेंडूच्या जागी रबराची चकती, आणि रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, जेमतेम ६१ मीटर लांब नि २६ मीटर रुंद. खेळ निराळा असला तरी मालकी, जमीन, भाडं आणि आश्वासन या गोष्टी कुठंही सारख्याच. त्या कशा तपासायच्या ते मी माझ्या धंद्यातून शिकलोय, तेच इथं सांगतो. ज्यांची मुलं-भाचे तिकडं आहेत त्यांना उपयोग होईल. ज्यांच्या तालुक्यात क्रीडा संकुलाचा फलक लागलाय त्यांना जास्तच होईल.

आधी आकडा आपल्या मापात घ्या

मिलियन-बिलियनमध्ये वाचत बसलात तर डोकं चालत नाही. मिलियनला दहानं भागलं की कोटी. बिलियनला शंभरनं गुणलं की कोटी. ९५० मिलियन म्हणजे ९५ कोटी. १.२ बिलियन म्हणजे १२० कोटी. मग डॉलर कुठला ते बघा. कॅनडातल्या टीमचा सौदा बहुतेक वेळा अमेरिकी डॉलरमध्ये होतो आणि तिथल्या जमिनीचा भाव कॅनेडियन डॉलरमध्ये ठरतो. एकाच बातमीत दोन्ही येतात आणि माणूस बेरीज करून मोकळा होतो. आपल्याकडं एकर आणि गुंठ्याची गल्लत करणारे असतात, तसंच हे.

मग चार वस्तू वेगळ्या मांडा

टीम विकली असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात चार निरनिराळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा हक्क, त्याच्यासोबत खेळाडूंचे करार. दुसरी, इमारत. तिसरी, इमारतीखालची जमीन. चौथी, टीमचं नाव, चिन्ह आणि जुना इतिहास. या चारही वस्तू एका हातात असतीलच असं नाही. वहीच्या पानावर चार ओळी आखा आणि प्रत्येकीपुढं मालकाचं नाव लिहा. जी ओळ कोरी राहील तिथंच पुढं वाद होणार, हे मी खात्रीनं सांगतो.

ओटावाचं पान आम्ही असं भरलं. टीमचं नाव सेनेटर्स. जुने मालक युजीन मेल्निक मार्च २०२२ मध्ये वारले आणि टीम त्यांच्या दोन मुलींकडं आली. जून २०२३ मध्ये मायकेल अँडलॉअर या उद्योजकाशी सौदा ठरला. किंमत धरली ९५ कोटी अमेरिकी डॉलर. त्यात कनाटातली इमारतही आली. मुलींनी १० टक्के हिस्सा स्वतःकडं ठेवला, म्हणजे त्या सहहिस्सेदार राहिल्या. हीच टीम २००३ मध्ये दिवाळखोरीत गेली होती तेव्हा मेल्निक यांनी ती ९ कोटी २० लाख डॉलरला घेतली होती. वीस वर्षांत दहापट. भाच्याला याचं फार आश्चर्य वाटलं, मला वाटलं नाही. नॅशनल हॉकी लीगमध्ये टीम ३२ आहेत, घेणारे शेकडो आहेत आणि तेहतिसावी टीम कुणालाही आपल्या मनानं काढता येत नाही. समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजजवळ ज्याचं दोन एकर आहे त्याला भाव काहून मिळतो हे जालना जिल्ह्यात कुणालाही विचारा.

इसार झाला की खरेदीखत?

बातमीतलं क्रियापद नीट वाचा. “ठरलं”, “तयारी दाखवली”, “तत्त्वतः मान्य” हे सगळे इसारपावतीचे शब्द आहेत. “पूर्ण झालं”, “हस्तांतर झालं” हा खरेदीखताचा शब्द. ओटावात इसार जूनमध्ये झाला आणि खरेदी २१ सप्टेंबरला. मधले तीन महिने कशात गेले? संमतीत.

आपल्याकडं भोगवटादार वर्ग २ ची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. लीगमधली प्रत्येक टीम वर्ग २ ची आहे असं समजून चाला. मालकांच्या मंडळानं तीन चतुर्थांश मतांनी होकार दिला तरच विक्री पक्की. मंडळ नव्या माणसाचा पैसा बघतं, त्याचे इतर धंदे बघतं. अँडलॉअर यांचा माँट्रियलच्या टीममध्ये थोडा हिस्सा होता. तो त्यांना सोडावा लागला, कारण एकाच लीगच्या दोन टीममध्ये एका माणसाला राहता येत नाही. तेव्हा इसाराच्या बातमीवर घर विकायला काढू नका, हे मी भाच्याला पहिल्याच रात्री सांगितलं.

भाडेपट्टा कधी संपतो ते शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, आणि बातमीत तोच सगळ्यात खाली असतो. मालक कोण आहे यापेक्षा टीम ज्या इमारतीत खेळते तिथला भाडेपट्टा किती सालापर्यंत आहे, यावर टीम गावात राहणार का जाणार ते ठरतं. याचं उदाहरण ॲरिझोनाचं, आणि ते मी जरा सविस्तर सांगणार आहे. एका टीमनं गावाला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं किती आशा लावली, हे वाचताना मला खरंच वाईट वाटत होतं.

१९९६ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहराची टीम उठून ॲरिझोनातल्या फीनिक्सला आली. नाव पडलं कायोटीज. आधी बास्केटबॉलच्या इमारतीत खेळली. २००३ मध्ये शेजारच्या ग्लेंडेल शहरात नव्या अरिनात गेली. इमारत शहराची, टीम खासगी. २००९ मध्ये मालक दिवाळखोरीत गेला. शेवटी लीगनं स्वतःच टीम विकत घेतली आणि चार वर्षं सांभाळली. त्या काळात टीम जाऊ नये म्हणून ग्लेंडेल शहरानं दोन वर्षं दरवर्षी अडीच कोटी डॉलर लीगला मोजले. हा पैसा शहराच्या तिजोरीतला, म्हणजे लोकांचा.

२०१३ मध्ये नवे मालक आले. शहराशी १५ वर्षांचा करार झाला, रक्कम साडेबावीस कोटी डॉलर. लोकांना वाटलं आता २०२८ पर्यंत काळजी नाही. पण त्या करारात एक कलम होतं. पाच वर्षांत पाच कोटी डॉलरचा तोटा झाला तर मालकाला करार मोडून निघता येत होतं. माझ्या टेबलावर असा कागद आला असता तर मी त्या कलमाखाली लाल रेघ मारली असती. पंधरा वर्षांचा भाडेपट्टा आणि पाच वर्षांनी सुटका, म्हणजे तो पाच वर्षांचाच भाडेपट्टा. झालं उलटंच. मालकाच्या आधी शहरानंच करार मोडला, २०१५ मध्ये, दोनच वर्षांत. तिथून पुढं थोड्या थोड्या मुदतीनं चाललं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शहरानं सांगितलं की येत्या हंगामानंतर जागा रिकामी करा.

मग ही टीम कुठं गेली माहीत आहे? टेंपी शहरातल्या विद्यापीठाच्या अरिनात. ऑक्टोबर २०२२ पासून तिथं खेळली. खुर्च्या साधारण ४,६००. जगातली सर्वात मोठी हॉकी लीग आणि प्रेक्षक आपल्या एखाद्या जिल्हा स्पर्धेएवढे. तिथून नव्या अरिनाचा प्रस्ताव मांडला, ४६ एकरांवर २१० कोटी डॉलरचा प्रकल्प. १६ मे २०२३ ला टेंपीच्या मतदारांनी तो मतपेटीतून नाकारला. वर्षभरात, १७ एप्रिल २०२४ ला, टीम तिथला शेवटचा सामना खेळली, जिंकलीही, आणि दुसऱ्या दिवशी युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला विकली गेली. सामना संपल्यावर लोक खुर्च्यांवर बसूनच राहिले होते, असं भाच्यानं व्हिडिओ पाहून सांगितलं.

म्हणून बातमी वाचताना तीन गोष्टी खोदून काढा: भाडेपट्ट्याची शेवटची तारीख, मुदतीआधी सुटकेचं कलम कुणाच्या बाजूनं आहे, आणि इमारतीची मालकी कुणाची. ओटावाच्या बाबतीत इमारत टीमच्याच मालकाची होती. भाड्याचा प्रश्न नव्हता. त्यामुळं भाच्याला मी म्हणालो, घाईनं कुणी उठवणार नाही, नवी इमारत उभी राहीपर्यंत टीम तुझ्या दारातच आहे.

विकताना मागं काय ठेवलं?

खरेदीखतात आपण लिहितो, “विहीर, झाडझाडोऱ्यासह.” ते लिहिलं नसेल तर आंब्याचं झाड कुणाचं यावर दोन पिढ्या भांडतात. ॲरिझोनाच्या सौद्यात रक्कम १२० कोटी डॉलर. त्यातले १०० कोटी जुन्या मालकाला, म्हणजे ॲलेक्स मेरुएलो यांना, आणि २० कोटी लीगला, गाव बदलण्याची फी म्हणून. २०११ मध्ये अटलांटाची टीम विनिपेगला गेली तेव्हाही असंच होतं, १७ कोटींतले ६ कोटी लीगला. तेव्हा मथळ्यातली रक्कम पूर्ण मालकाच्या खिशात गेली असं कधीच धरू नका. (त्या निमित्तानं विनिपेगला पंधरा वर्षांनी टीम परत मिळाली, ही मात्र मला आवडलेली गोष्ट.)

पण खरी मेख पुढं आहे. युटाच्या रायन आणि ॲशली स्मिथ या दांपत्याला खेळाडू मिळाले, प्रशिक्षक मिळाले, पुढं नवे खेळाडू निवडायचे हक्क मिळाले. कायोटीज हे नाव आणि इतिहास जुन्या मालकाकडंच राहिला. त्यांनी पाच वर्षांत ॲरिझोनात नवीन अरिना उभा केला तर त्यांना टीम पुन्हा सुरू करता येईल, अशी अट होती. म्हणजे सातबाऱ्यावर नाव तसंच, फक्त पीकपेरा “पड”. युटाच्या टीमला पहिला हंगाम नुसत्या “युटा हॉकी क्लब” या कामचलाऊ नावावर काढावा लागला, आणि मॅमथ हे नाव २०२५ च्या मे महिन्यात मिळालं.

त्या पाच वर्षांचं काय झालं ते पुढच्या भागात येतं, कारण तो सगळा जमिनीचा मामला आहे.

अरिनाचं चित्र बाजूला ठेवा, जमिनीचा कागद मागा

नवीन अरिनाच्या बातमीसोबत नेहमी रंगीत चित्र असतं. संध्याकाळची वेळ, दिवे, झाडं, लहान मुलांचा हात धरून चाललेले आईवडील. त्या चित्राला कागद म्हणून काही किंमत नाही. जमीन कुणाची, तिच्यावर बोजा काय, आणि तिचा वापर बदलायची परवानगी मिळाली का, हे विचारा.

मेरुएलो यांची नजर उत्तर फीनिक्समधल्या सुमारे ११० एकर सरकारी जमिनीवर होती. २७ जून २०२४ ला लिलाव ठरला होता, बोली ६ कोटी ८५ लाख डॉलरपासून. आठवडाभर आधी सरकारी खात्यानं लिलाव रद्द केला. अरिना बांधायला त्या जागेवर विशेष वापराची परवानगी लागते, ती आधी आणा असं खात्याचं म्हणणं पडलं. म्हणजे एनए आधी, खरेदी नंतर. लगेच मेरुएलो यांनी हॉकीतून अंग काढून घेतलं. पाच वर्षांची मुदत पाच महिनेही टिकली नाही. एका परवानगीच्या कागदावर फीनिक्सची टीम परत येण्याची आशा संपली.

ओटावाची जमीन वेगळ्या तऱ्हेनं बोलते. शहराच्या मध्याजवळ लब्रेटन फ्लॅट्स नावाची जागा आहे. १९६२ मध्ये केंद्र सरकारच्या संस्थेनं तिथली वस्ती संपादन केली, जवळजवळ २,८०० माणसं उठवली, घरं पाडली. आणि मग ती जागा कित्येक दशकं रिकामीच पडून राहिली. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं जायकवाडीच्या आणि विष्णुपुरीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं आली. त्यांच्या मुलांचे वारसाचे कागद मी अजून लिहितो. आपल्याकडं निदान तिथं पाणी तरी आलं. तिकडं नुसतं गवत उगवलं.

त्याच जागेवर अरिना आणायचं २०१६ मध्ये एकदा ठरलं होतं. सेनेटर्सच्या गटाची निवड झाली. २०१८ मध्ये भागीदार एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले आणि २०१९ च्या सुरुवातीला सगळं मोडलं. जून २०२२ मध्ये पुन्हा सामंजस्य करार. सप्टेंबर २०२४ मध्ये तत्त्वतः करार. ऑगस्ट २०२५ मध्ये साधारण ११ एकरांचा भाव ठरला, ३ कोटी ७२ लाख कॅनेडियन डॉलर. मधल्या काळातली प्रत्येक पायरी वर्तमानपत्रांत “अरिना येणार” याच मथळ्यानं छापून आली. तुम्ही मात्र पायऱ्या वेगळ्या ओळखा. सामंजस्य करार म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. तत्त्वतः करार म्हणजे सुपारी. भाव ठरला म्हणजे याद्या झाल्या. कब्जा मिळून पाया खणला की मग अक्षता.

मातीचाही प्रश्न असतो. लब्रेटनच्या जमिनीत जुन्या उद्योगांची घाण मुरलेली आहे. टेंपीची ४६ एकर म्हणजे जुना कचरा डेपो होता. शहरांच्या मधोमध एवढी मोठी जागा मोकळी दिसली तर ती मोकळी काहून राहिली हे विचारा. बहुतेकदा उत्तर मातीत असतं. साफ करायचा खर्च विकणारा करणार की घेणारा, हे करारात नसेल तर प्रकल्प तिथंच अडतो.

पैसा कुणाच्या ताटातला?

इथं थोडक्यात सांगतो, कारण नियम सोपा आहे. “खासगी गुंतवणूक” हा शब्द दिसला की खाली करमाफी, कर्जरोखे आणि वाढीव विक्रीकर हे तीन शब्द शोधा. सॉल्ट लेक सिटीनं २०२४ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर वाढवला, त्यातून ९० कोटी डॉलरपर्यंत रक्कम अरिना आणि आसपासच्या भागासाठी जाणार. म्हणजे ज्याला हॉकी माहीत नाही तोही बूट घेताना अरिनाचा हप्ता भरणार. हे वाईटच आहे असं मी म्हणत नाही. गावाला अभिमानाची जागा मिळत असेल तर लोक आनंदानं भरतील. पण टेंपीत लोकांना मत विचारलं आणि सॉल्ट लेकमध्ये नगर परिषदेनं ठरवलं, हा फरक मला मोठा वाटतो. माझं मत टेंपीच्या बाजूनं आहे.

बसायची जागा हाही हिशेबाचाच भाग. सॉल्ट लेकचा अरिना १९९१ चा, बास्केटबॉलसाठी बांधलेला. बास्केटबॉलचं मैदान २९ मीटरपेक्षाही कमी लांब, हॉकीचा रिंक ६१ मीटरचा. रिंक बसवला की टोकाकडच्या हजारो खुर्च्यांवरून गोलपोस्ट नीट दिसत नाही. म्हणून तिथं आधी दुरुस्तीवरच मोठा खर्च निघाला. “अरिना तयार आहे” असं वाचलं तर कोणत्या खेळासाठी तयार आहे ते विचारा. आपल्याकडं राऊरकेलाचं बिरसा मुंडा स्टेडियम हॉकीसाठीच बांधलं, २० हजारांवर खुर्च्या, जानेवारी २०२३ च्या विश्वचषकाच्या आधी पूर्ण झालं. २०१७ नंतर बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा तमिळनाडू, दिल्ली, बंगाल अशा नावांच्या टीम मुख्यतः तिथंच खेळल्या. नाव एका गावाचं आणि मैदान दुसऱ्याचं, असं असेल तर उद्या कंपनीनं टीम सोडली की नावाच्या गावाकडं काहीच उरत नाही. टीम घेणाऱ्या कंपनीची बातमी वाचताना हेही वहीत लिहा.

आमच्या मैदानाचा सातबारा

हे सगळं मी भाच्याला समजावत होतो, पण माझ्या घरच्या अंगणात मी ते पाळलं नव्हतं. एका तालुक्याच्या गावी मुलींचा हॉकी क्लब आहे, मी त्याचा खजिनदार. मुरमाच्या मैदानावर खेळतात. पडली की गुडघा सोलून निघतो. काही वर्षांपूर्वी एक दिवस भूमिपूजन झालं. नारळ फुटला, फलक लागला, त्यावर निळं टर्फ, दिव्यांचे खांब, पायऱ्या. मी स्वतः पेढे आणले आणि मुलींना वाटले.

आठ महिने काहीच हललं नाही, तेव्हा मी सातबारा काढला. जमीन गायरान. इतर हक्कात क्रीडांगणासाठी एक ओळही नाही. मंजुरीचा आदेश नाही, मोजणी नाही, रकमेची तरतूद नाही. पाण्याची सोय तर कुणी विचारातच घेतली नव्हती, आणि हॉकीचं टर्फ खेळाआधी भिजवावं लागतं, आपल्या भागात मार्चनंतर ते कुठून आणणार? तीस वर्षं लोकांचे सातबारे वाचणाऱ्या माणसानं पेढे आणण्याआधी तो कागद काढायला हवा होता. गोलमध्ये उभी राहणारी नववीतली एक मुलगी दर रविवारी विचारायची, “काका, टर्फ कधी येणार?” ती बारावी होऊन लातूरला शिकायला गेली. तिनं टर्फवर एकदाही पाय ठेवला नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता आम्ही उलट बाजूनं सुरुवात केलीय. आधी जागेचा शोध. १९५४ च्या खासरा पत्रकापासून आजच्या फेरफारापर्यंत सगळे उतारे काढले, कारण मराठवाड्यात इनाम आणि गायरानाचा घोळ तिथंच सापडतो. गावठाणाला लागून एक तुकडा मिळण्यासारखा आहे. ग्रामसभेचा ठराव झालाय. मागणी अर्ज दिलाय, त्याची पोच फाईलला लावलीय. कुणी फलक लावू का विचारलं तर आम्ही ताबा पावती मिळेपर्यंत थांबा म्हणतो. तुमच्या गावात असं काही चाललं असेल तर हाच क्रम धरा: उतारा, ठराव, आदेश, मोजणी, ताबा, मग निधी, आणि फलक सगळ्यात शेवटी. प्रत्येक कागदाची झेरॉक्स क्लबच्या दोन निरनिराळ्या घरांत ठेवा. पदाधिकारी बदलतात, बदल्या होतात, कागद मात्र राहिला पाहिजे.

वही अशी ठेवा

दोनशे पानी एक वही घ्या. डाव्या पानावर बातमीतले शब्द जसेच्या तसे उतरवा, तारखेसह. उजव्या पानावर त्या दिवशी खरोखर कोणता कागद झाला ते लिहा. काहीच झाला नसेल तर “कागद नाही” असं स्पष्ट लिहा. सहा महिन्यांनी वही उघडा. डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं असेल तर घर, दुकान, प्लॉट यांचा कोणताही निर्णय त्या बातमीवर घेऊ नका. अरिनाशेजारी प्लॉट पाडून विकणारे डावं पान दाखवतात, घेणाऱ्यानं उजवं मागावं.

ऑगस्ट २०२५ मध्ये भाच्याचा पुन्हा फोन आला. “मामा, लब्रेटनच्या जमिनीचा भाव ठरला.”

“कब्जा?”

“नाही अजून.”

“माती साफ कोण करणार?”

“ते चालू व्हायचंय. शहराच्या परवानग्याही बाकी आहेत.”

“मग उजव्या पानावर फक्त भाव लिही.”

घर त्यानं विकलं नाही. त्याची मुलगी आता सहा वर्षांची आहे, दर शनिवारी सकाळी वडिलांचा हात धरून बर्फावर उभी राहायला शिकते. या हिवाळ्यात ते दोघं नांदेडला येणार आहेत. मी तिच्यासाठी लाकडी स्टिक आणून ठेवलीय, लहान मापाची, आणि क्लबच्या मुलींना सांगितलंय की मुरमावर पडायचं कसं ते तिला आधी शिकवा.